अंगण वाकडंच होतं

भाऊबीजेला ताईकडे गेलो की माझी तीन कामं ठरलेली असतात. दाजींच्या मोबाईलमधली जागा मोकळी करून देणे, ताईच्या सासूबाईंना चष्म्याच्या नंबराबद्दल सल्ला देणे (मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, पण मला चष्मा आहे, तेवढं त्यांना पुरतं) आणि भाच्याची बाजू घेणे. २०२५ च्या दिवाळीत हे तिसरं काम जरा जड गेलं.

झालं असं, की दिवाळीच्या आठ दिवस आधी ताईचा फोन आला. "तुझ्या भाच्याला नवा टीव्ही पाहिजे. आपला टीव्ही उशिरा दाखवतो म्हणतो. टीव्ही कधी उशिरा दाखवतो का रे?" मागून दाजींचा आवाज, "नाचता येईना..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. घरात ते सगळ्यांना पाठ झालं असावं.

ताईचं घर अंकुशनगरला. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, त्याच्या भोवतीची ही वसाहत. अंकुशराव टोपे यांच्यावरून तिला हे नाव पडलं. गाळप सुरू झालं की हवेला मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि दारात काळी राख. दाजी कारखान्यात नोकरीला आहेत आणि गोदाकाठी त्यांचं अडीच एकर रान आहे. 'आहे' म्हणतोय, पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला आणि गोदावरीला जो पूर आला, त्यात त्या रानातला कापूस गेला आणि ऊस आडवा झाला. अशा वर्षी घरात टीव्हीचं नाव काढायचं म्हणजे पोराला अक्कल नाही, असंच कुणीही म्हणेल. दाजी तेच म्हणाले.

पण तिथे गेल्यावर कळलं की पोरगं टीव्हीसाठी रुसलेलंच नव्हतं. पुण्याच्या चुलतभावाने त्याचा जुना प्लेस्टेशन ५ स्वस्तात दिला होता, दहावीच्या बक्षिसाच्या पैशातून याने तो घेतला. त्यावर क्रिकेटचा खेळ. पुण्यात हा भावाला हरवून आला होता आणि घरी येऊन चेंडूमागून चेंडू त्रिफळाचीत! त्याने एकदाच सांगितलं, बटण वेळेवर दाबतो, बॅट उशिरा फिरते. त्यावर वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "खोटं बोलायचं तरी नीट बोल." दोन आठवडे त्याने कन्सोलला हात लावला नव्हता. जेवताना वडिलांशी बोलत नव्हता.

मला आमचं लहानपण आठवलं. अंबडला आमच्या शेजाऱ्यांकडे टीव्ही गेम होता, कॅसेट घालायचा. त्यात बदकं मारायचा एक खेळ आणि त्याला प्लॅस्टिकची बंदूक. ताईचा नेम गल्लीत नंबर एक! आम्ही पोरं बंदुकीची नळी काचेला टेकवून मारायचो तरी ती जिंकायची. त्या बंदुकीतून काही सुटत नसे, उलट तिच्यात उजेड टिपणारा डोळा असे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीला तो चौकोन नेमक्या क्षणी दिसला तर बदक पडलं. तो ठोकळा टीव्ही आलेला सिग्नल साठवून ठेवतच नसे. येईल तसा ओळीओळीने काचेवर काढून मोकळा. म्हणून ती बंदूक चालायची. आजच्या एलईडी टीव्हीला तीच बंदूक लावा, एक बदक पडणार नाही.

कारण आजचा टीव्ही आधी अख्खं चित्र पोटात घेतो, मोठं करतो, रंग भडक करतो, दाणे पुसतो आणि मग दाखवतो. त्यात 'हालचाल गुळगुळीत' करणारी एक सोय असते. ती दोन चित्रांच्या मध्ये तिसरं चित्र स्वतःच्या मनाने काढते. आता मधलं काढायचं तर पुढचं हातात यायला नको का? म्हणजे थांबणं आलंच. बातम्या किंवा सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण आवाजही तितकाच मागे ठेवतात. आपण बटण दाबून उत्तराची वाट बघत असतो तेव्हाच ते कळतं. याला इनपुट लॅग म्हणतात. दुकानात टीव्हीवर चिकटवलेल्या कागदावर मला हा शब्द आजवर दिसलेला नाही.

हे मी दाजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तू त्याचा मामा आहेस."

मग मी मोबाईल काढला. हल्लीच्या बऱ्याच मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन व्हिडिओ असतो, म्हणजे एका चित्राला साधारण चार मिलिसेकंद. भाच्याचा अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही दिसतील असं धरून शूटिंग केलं. अंगठा बटणावर दबला तिथपासून बॅट हलेपर्यंत चित्रं मोजायची. दाजींनाच मोजायला लावलं. त्यांनी दोनदा मोजलं. पंचेचाळीस! म्हणजे १८७ मिलिसेकंद. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून सगळी सजावट बंद केली. त्या टीव्हीला गेम मोड नव्हताच. छत्तीस चित्रांवर आलं, म्हणजे १५०. (या आकड्यात खेळाचा आणि कन्सोलचा स्वतःचा वेळही धरलेला असतो. तो कुठल्याच टीव्हीवर शून्य होत नाही. पाहायचा तो दोन टीव्हींमधला फरक.)

दाजी एकेकाळी कॉलनीच्या टीमचे ओपनर. त्यांना सांगितलं, ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला पाचवा हिस्सा कुणी तुमच्या डोळ्यांवर हात ठेवला तर? ते काही बोलले नाहीत. उठून बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आत येऊन भाच्याला नाही, मला म्हणाले, "तीस हजाराच्या वर जायचं नाही. आणि पैसे मी देणार. तुझी ओवाळणी ताईच्या ताटात टाक."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली, टाकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जालन्याला. भाच्याने कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून शाळेच्या दप्तरात घेतला होता.

दुकानातले टीव्ही म्हणजे एक जत्रा असते. पोपट, मध, सोनेरी मासे, सगळे डोळे दिपतील इतके भडक. त्यावरून टीव्ही निवडणं म्हणजे लग्नातल्या मेकअपवरून सून निवडणं (ताई हे वाचणार आहे, म्हणून इथेच थांबतो). विक्रेता मुलगा चांगला होता. "साहेब, १२० हर्ट्झ!" म्हणाला. मी म्हटलं पॅनल १२० चं आहे की 'मोशन रेट' १२०? तो कागद बघायला गेला. पॅनल ६० चं निघालं. बऱ्याच ठिकाणी ६० च्या पॅनलला असं दुप्पट-चौपट मोठं नाव दिलेलं असतं. एचडीएमआय २.१ चंही तसंच. खऱ्या २.१ मधून सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत माल जाऊ शकतो आणि ४के चित्र १२० हर्ट्झने चालतं. पण नियम असे ढिले आहेत की त्यातली एखादीच सोय दिली तरी खोक्यावर '२.१' छापता येतं. म्हणून '४के ला १२० हर्ट्झ, कोणत्या पोर्टवर?' असंच विचारायचं. चार पोर्टांपैकी एक-दोनच तसे असतात.

तिथे एक खरा १२० वाला होता, पंचावन्न इंची. व्हीआरआर होतं, म्हणजे कन्सोलचा वेग कमीजास्त झाला तरी टीव्ही त्याच्या पावलाबरोबर चालतो. एएलएलएम होतं, म्हणजे गेम सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. किंमत आमच्या आकड्याच्या दुप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता, तरी दुप्पट. भाच्याने त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहून पाहिलं. मी म्हटलं, वरचे पैसे मी घालतो, दाजींना सांगायचं नाही. तो म्हणाला, "नको मामा. परत खोटंच ना ते."

काय बोलणार?

मग आम्ही ४३ इंचीत शोधायला लागलो. ओएलईडीचा प्रश्न नव्हताच, आणि परवडला असता तरी नसता घेतला. दाजी दिवसभर मराठी बातम्या लावतात. त्या वाहिनीचा लोगो आणि खालची लाल पट्टी तासन् तास एकाच जागी राहिली तर अशा पडद्यावर कायमची उमटायची भीती असते. राहिले दोन. एकात काळा रंग सुरेख, पण बाजूने पाहिलं की चित्र फिकट. दुसऱ्यात काळा जरा राखाडी, पण कुठूनही पाहा, सारखंच. भाचा म्हणाला, आजीची बाज खिडकीशी असते. झालं, दुसरा. गेमिंगसाठी टीव्ही निवडताना आजीची बाज विचारात घ्यावी असं कुठल्याही तज्ज्ञाने लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण घ्यावी.

दप्तरातून कन्सोल काढला तेव्हा विक्रेत्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने आमच्याकडे. जोडू दिला. गेम मोड लावला, मोबाईल धरला, मोजलं. बावीस चित्रं. ९२ मिलिसेकंद. ६० हर्ट्झचाच टीव्ही, पण घरच्या टीव्हीच्या अर्धा वेळ. आणि भाच्याचा बहुतेक खेळ ६० च्या वर जातच नाही. विक्रेता मुलगा उत्सुकतेने बघत होता. त्याने शेजारच्या महागड्या टीव्हीवरही मोजायला लावलं (आणि आपल्या मोबाईलवर तो व्हिडिओ घेतला. पुढच्या गिऱ्हाइकाची मजा आहे).

संध्याकाळी टीव्ही लागला. आजींनी बाजेवरूनच पसंत केला. ताईने विचारलं, "तो बदकांचा खेळ आहे का रे यात?" नाही म्हटल्यावर स्वयंपाकघरात निघून गेली.

रात्री जेवणं झाल्यावर दाजींनी कंट्रोलर मागितला. भाच्याने कोणतं बटण कशाला ते सांगितलं. दोन आठवड्यांत त्या दोघांचं पहिलं बोलणं ते. दाजी पहिल्या चेंडूवर त्रिफळाचीत. दुसऱ्यावरही. मी भाच्याकडे बघितलं. आता तो काय म्हणतो? अंगणाची म्हण त्याच्या जिभेवर असणार. पण तो गुडघ्यावर सरकून वडिलांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पप्पा, तुम्ही लवकर दाबू राहिले. जरा थांबा, चेंडू टप्पा पडू द्या."

मी निघालो तेव्हा दाजी मला पोचवायला फाट्यापर्यंत आले. बस दिसल्यावर म्हणाले, "तो अंगठ्याचा व्हिडिओ मला पाठव." पाठवला. नंतर ताईकडून कळलं की कारखान्यात त्यांनी तो दोघा-तिघांना दाखवला. काय सांगून दाखवला, ते तिने विचारलं नाही.

स्टॅबिलायझरचं तेवढं राहिलंय. तिकडे लाईट वरखाली होते. कुणाला चांगला माहीत असेल तर सांगा.