लहान दुचाकी, मोजके सामान

रेवदंड्याहून मुरूड, दिघी, हरिहरेश्वर करीत दाभोळपर्यंतचा कोकणकिनारा शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीवरून पाहावा. वेग बेताचा असल्याने माडांची सावली, सुकत घातलेल्या मासळीचा वास, खाडीचा वारा, काहीच निसटत नाही. मात्र अशा वाहनावर चुकीच्या जागी बांधलेल्या ओझ्याचा भार अखेर शरीरावरच येतो.

पाठीवरची जड पिशवी मान आणि कंबर शिणवते. म्हणून सामान आसनाच्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाचे, जड वस्तू तळाशी ठेवून आणि सायलेन्सरपासून दूर बांधावे. टायरमधील हवा दोघांच्या वजनासाठी सांगितलेल्या मापाची असावी. सुती कपड्यांचे दोन जोड, रेनकोट व पंचा पुरे; नेहमीची औषधे मात्र हाताशी असावीत.

धावत्या वाहनावर वारा घाम लगेच सुकवतो; त्यामुळे शरीरातील पाणी घटत असल्याचे उमगत नाही. तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे. जलसंजीवनीची पुडी जवळ ठेवावी, पण पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच ती मिसळावी.

विश्रांतीची सोय खाड्यांनीच केली आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे येथे फेरीबोट दुचाकीसह पैलतीरी नेते. बोटीची वाट पाहताना हेल्मेट उतरवावे, पाय मोकळे करावेत, कंबर ताणावी. थकलेल्या हातांकडून ब्रेक उशिरा दाबला जातो. धक्क्यावरची ती पंधरा मिनिटे पुढच्या वळणावर आपल्याला सांभाळतात.