गुणवत्तेचा प्रश्न आणि बोबो ब्राझीलचा पट्टा

आरक्षणाचा विषय निघाला की समोरून ठरलेला प्रश्न येतो : मग गुणवत्तेचं काय? याला उत्तर म्हणून आम्ही तरुणांच्या बैठकीत हल्ली एका अमेरिकन पैलवानाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव बोबो ब्राझील.

आम्ही नव्वदच्या दशकात वाढलेलो. वस्तीत केबल आली तशी डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती आली, पाठोपाठ पैलवानांचे पत्ते आले. प्रत्येकाची उंची, वजन, छाती आम्हाला तोंडपाठ. ही सगळी नुरा कुस्ती आहे, असं मोठी माणसं सांगायची. त्याने आमचं प्रेम कमी झालं नाही. पुढे समाजशास्त्र शिकताना अमेरिकेतल्या वर्णभेदाचं वाचन सुरू झालं, तेव्हा कळलं की अभ्यासाचं खरं सामान या नुरा कुस्तीतच आहे.

बोबोचं मूळ नाव ह्यूस्टन हॅरिस. जन्म 1924 चा, आर्कन्सामधल्या लिटल रॉकचा. पुढे मिशिगनमधलं बेंटन हार्बर हे त्याचं गाव झालं. त्या काळी अमेरिकेत कुस्तीचा धंदा प्रदेशांत वाटलेला होता. प्रत्येक प्रदेशाचा मालक म्हणजे प्रमोटर. 1948 मध्ये स्थापन झालेली नॅशनल रेसलिंग अलायन्स ही या प्रमोटरांची संघटना. आपल्याकडे गदा, तसा तिकडे पट्टा. आणि जगज्जेतेपदाचा पट्टा कुणाच्या कमरेला बांधायचा हे ही संघटना ठरवायची.

साडेसहा फुटी बोबोचं मुख्य राज्य डेट्रॉईट. ‘द शीक’ या खलनायकाशी त्याचं वैर तिथे वर्षानुवर्षं चाललं. गोरे प्रेक्षकसुद्धा तिकीट काढून त्याच्या नावाने ओरडायचे. दक्षिणेत मात्र काळ्या पैलवानाने काळ्याशीच लढायचं असा रिवाज होता. अटलांटातली पहिली मिश्रवर्णीय कुस्ती म्हणून जिची नोंद आहे ती थेट 1970 ची, म्हणजे नागरी हक्क कायद्यानंतर सहा वर्षांनी. त्या आखाड्यातही बोबोच होता.

1962 मध्ये न्यूअर्क इथे त्याने जगज्जेत्या बडी रॉजर्सला हरवलं. पण रॉजर्स आधीच दुखावलेला होता असं कारण पुढे आलं, आणि बोबो पट्टा नाकारतो असं दाखवलं गेलं. संघटनेने तो विजय कधीच मान्य केला नाही. बोबोला प्रादेशिक पट्टे भरपूर मिळाले, लॉस एंजेलिसमधला एक ‘जागतिक’ म्हणवणाराही मिळाला. संघटनेचा पट्टा मिळाला नाही. देशपातळीवरच्या मोठ्या कंपनीचा जगज्जेता म्हणून काळा पैलवान उभा राहिला तो 1992 मध्ये, रॉन सिमन्स. मध्ये तीस वर्षं गेली.

बोबोला कुस्तीतला जॅकी रॉबिन्सन म्हणतात. आम्हाला ही तुलना अपुरी वाटते. 1947 मध्ये रॉबिन्सन बेसबॉलच्या मैदानात उतरला तेव्हा त्याने मारलेला फटका मोजावाच लागत होता. बोबोच्या धंद्यात निकाल आधी कचेरीत लिहिला जायचा. म्हणून इथे गुणवत्तेची सबब चालत नाही. ‘तो कमी पडला’ असं कुणी म्हणूच शकत नाही, कारण किती पडायचं हे त्याच्या हातात नव्हतं. ताकद होती, गर्दी होती, गल्ला होता. तरी पट्टा नाही. नकार कुठून येतो हे याहून स्वच्छ कुठे दिसेल?

आता त्याच्या प्रतिमेकडे बघा. सुरुवातीला त्याला ‘दक्षिण अमेरिकेचा राक्षसी पैलवान’ म्हणून उभं केलं गेलं. अमेरिकेतल्याच काळ्या माणसाला परदेशी नाव! खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगणारी मुलं आमच्या कामात आम्हाला भेटतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचा हुकमी डाव होता डोक्याची टक्कर, ‘कोको बट’. काळ्यांचं डोकं जात्याच टणक असतं, या जुन्या वर्णद्वेषी समजुतीवर असे डाव पोसले जात.

काही मित्र म्हणतात, मग तो मालकांच्या हातचं बाहुलंच झाला ना? आम्हाला हे मान्य नाही. गोऱ्या पोरांनी काळ्या माणसाला नायक मानून टाळ्या वाजवाव्यात, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. चार दशकं अंगावर घेतलेला मारही खोटा नव्हता. 1994 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं, 1998 मध्ये तो गेला. सन्मान मिळाला, पण निकाल लिहिणाऱ्या टेबलावर त्याची खुर्ची नव्हती.

1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली, ती कौतुकापोटी नव्हे. तिथल्या अनुभवातून इथे काय घेता येईल हे त्यांना बघायचं होतं. बोबोकडूनही आपण तेच घ्यावं. मंचावर आपला माणूस दिसला, पोस्टरवर त्याचा फोटो आला, की जरूर टाळ्या वाजवा. मग विचारा : निवड समितीत कोण आहे? निधी कुणाच्या सहीने सुटतो? गुण कोण देतं? गुणवत्तेवर वाद घालणाऱ्यालाही आधी हेच विचारा.