गढीतला चकवा

20 जानेवारी 2025, सोमवार. किन्हीराजा

रथसप्तमी 4 फेब्रुवारीला आहे. डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेत यंदा आपला भूतबंगला उभा करायचा, हे आज घरात पक्कं झालं. मंडपाचं सामान गोदामात आहेच: बल्ल्या, पत्रे, पडदे, सुतळी. बापूंना एवढंच खटकत होतं, "लोकायले भेव दाखवून पैसे घ्याचे?" मी म्हटलं, "आकाशपाळण्यात पोटात गोळा येते, त्याचे देतातच ना, बापू." ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली.

प्लॅस्टिकचा सापळा, लाल बल्ब आणि सिनेमातली किंकाळी मला नको आहे. वऱ्हाडात गावोगावी पडक्या गढ्या आहेत आणि प्रत्येक गढीची एक गोष्ट आहे. आपला बंगला म्हणजे गढीच असेल.

22 जानेवारी

जागा 40 बाय 20 फूट मिळेल. आज जमिनीवर चुन्याने वाट आखली.

आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला त्याच बाभळीखाली सापडतो. मुंजा, हडळ, खविस यांना निदान रूप तरी आहे. चकव्याला तेही नाही, तो फक्त वाट चुकवतो. म्हणून आत दोन खिडक्या हुबेहूब करायच्या. तोच गंजका कंदील, तोच वाकलेला गज, तेच जाळं. पहिल्या खिडकीत पाळणा स्थिर. दोन वळणं घेऊन माणूस दुसरीशी आला की त्याला वाटावं, आपण फिरून तिथंच आलो. फक्त आता पाळणा हलतो आहे. कोणाला अंगावर धावून जायची गरजच पडणार नाही.

तरी मुंजा एक हवाच, पोरं त्याच्यासाठीच येतात. पण तो समोरून येणार नाही. समोरून दचकलेला माणूस मागे पळतो, मागच्यावर आदळतो आणि अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होते. मागून आवाज आला की सगळे पुढे सरकतात, वाट आपोआप मोकळी होते.

25 जानेवारी

आज दिवसभर कापड. सिंथेटिक पडदा पेटला की वितळून ठिबकतो, तो बाद केला. जाडं सुती घेतलं, 7 भाग टाकणखार आणि 3 भाग बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून त्यात बुडवलं आणि वाळत घातलं. वाळल्यावर एक पट्टी काडीवर धरली. काळी पडली, धुमसली, काडी बाजूला घेताच विझली. न भिजवलेली पट्टी हातभर ज्वाळेने गेली. बापू शेजारी उभे राहून दोन्ही पाहत होते. मग त्यांनी स्वतः उरलेले तागे भिजवले.

11 मे 1984 ला अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात असाच भूतवाडा जळाला. आत फोम होता, पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. 8 किशोरवयीन मुलं गेली. त्यानंतर तिकडचे नियम बदलले. आपल्याकडे राजकोटच्या गेमझोनची आग गेल्या मे महिन्यातलीच. यात्रेतल्या तंबूत पाण्याचे फवारे लावता येणार नाहीत. मग हे तरी करायचंच: दर पंधरा फुटांवर पडदा उचलून बाहेर पडता येईल अशी जागा, तिथं आतून एक माणूस, आणि एकच मोठं बटन, जे दाबताच आवाज बंद आणि सगळे दिवे चालू.

29 जानेवारी, मौनी अमावस्या

मायने आज सांगाडा उभारू दिला नाही. वाद घातला नाही. मी पाळण्याचा आवाज रेकॉर्ड करायला गेले. शेजारच्या घरातला सागवानी पाळणा, कडीत तेल नाही. रिकामा हलवला तेव्हा आला तो आवाज मोबाइलमध्ये आहे. तो ऐकल्यापासून बाकीचे सगळे आवाज काढून टाकले. रातकिडे, मग एकदम शांतता, मग ही करकर.

2 फेब्रुवारी. डव्हा

उभारणी झाली. तिकिटाच्या खिडकीवर मुद्दाम मोठा हॅलोजन लावला. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आपली फेरी चार मिनिटांची. उजेडातून आत शिरलेल्याला पहिलं वळण ठार काळं दिसतं. बाहेर पडायचं दार रांगेच्या अगदी समोर ठेवलं आहे. किंचाळत, हसत बाहेर येणारी माणसं बघूनच पुढचा तिकीट काढतो.

नियम ठरले. कोणीही प्रेक्षकाला हात लावायचा नाही. बायांची फेरी वेगळी. अंधारात कोणाचा हात लागेल याची भीती बायांना भुतापेक्षा मोठी असते, ती बाहेरच काढून टाकली पाहिजे. मुंजा दर वीस मिनिटांनी बदलायचा, नाहीतर पोराचा घसा जातो.

4 फेब्रुवारी, रथसप्तमी

महाप्रसादानंतर गर्दी फुटली. दर मिनिटाला पाच जण आत सोडले, म्हणजे तासाला तीनशे. दुसऱ्या खिडकीशी प्रत्येक वेळी तेच ऐकू येई, "अरे, हे तं पाह्यलं होतं!" आणि मग क्षणभर कोणीच बोलत नसे. बटन दोनदा दाबावं लागलं, दोन्ही वेळा लहान मुलं रडली म्हणून. त्यांना उजेडात मुंजाशी हात मिळवू दिला.

रात्री दहाला एक म्हातारी खिडकीशी आली. तिकीट नको होतं. "बाई, सुनेले बाहेरचं आहे. झोपत नाही, बोलत नाही. सैलानीच्या दर्ग्यात दोनदा नेलं. या गढीतून काढली तं उतरन का?"

माझे हात गार पडले. इतके दिवस या गोष्टीचा विचार कसा केला नाही? फेरी थांबवली, दिवे लावले, म्हातारीला हात धरून आत नेलं. पाळण्याची दोरी दाखवली. मुंजा तोंडाला पीठ लावून चहा पीत बसला होता, तो उठून तिच्या पाया पडला. "मावशी, इथं भूत नाही, पोट्टे आहेत. सून आजारी आहे, तिले डॉक्टर पाह्यजे." 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारझोड करणं गुन्हा आहे, तेही सांगितलं. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, तो पुठ्ठ्यावर मोठा लिहून दिला. तिला किती समजलं, कळलं नाही. सकाळी सुनेला घेऊन ये, म्हटलं.

5 फेब्रुवारी

आठ वाजता पडदे उतरवत होतो. आत ऊन आलं होतं. दोघी आल्या. सून तेवीस-चोवीसची, पदर तोंडावर. दोन्ही खिडक्यांच्या मधे उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पाळण्याची दोरी हातात घेऊन दोनदा ओढली. पाळणा करकरला.

"तेल टाका ना याले," म्हणाली.