भुऱ्या आणि तेरावी प्रतिज्ञा

आमचा भुऱ्या गेला. सहा वर्षांपूर्वी तिरोडा रस्त्यावर मागचा पाय मोडून पडलेला सापडला होता. तीन पायांवर चालायचा, पण बैठक असली की सगळ्यांच्या आधी विहाराच्या दारात हजर. धानाच्या बांधीजवळ त्याला पुरून आलो, तेव्हा एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "माणसांवरचे अन्याय संपले नाहीत अन् तुम्ही कुत्र्यासाठी रडता?"

या प्रश्नामागची जखम आमचीही आहे. चवदार तळ्यावर जनावरांना मुभा होती, आमच्या माणसांना मनाई. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला सत्याग्रह करावा लागला. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना सुनावले, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही हीन वागवले जाते, तो देश आपला कसा म्हणायचा?

पण त्याच बाबासाहेबांच्या फेब्रुवारी १९३४ च्या राजगृहातील कौटुंबिक छायाचित्रात रमाई आणि यशवंतरावांसोबत त्यांचा लाडका टॉबीही आहे. कारण गुन्हा कुत्र्याचा नव्हताच. त्याला पाणी देऊन माणसाला नाकारणाऱ्या व्यवस्थेचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांवरील दयेचीच आहे.

भुऱ्या गेला त्याच संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसलो. डोळे ओले होते, काम थांबले नाही. मित्रा, करुणेने लढा कमजोर होत नाही. करुणा नसेल तर लढा कशासाठी, हेच विसरायला होते.

जय भीम!