सुई जरा वर टोचली गेली

फ्लूची लस मी दरवर्षी घेते. इथे न्यू जर्सीत ती औषधांच्या दुकानातच मिळते. त्या ऑक्टोबरात मी खुर्चीत बसले होते, फार्मासिस्ट उभा होता. कुडत्याचा गळा बाजूला ओढून त्याने सुई टोचली ती थेट खांद्याच्या हाडाजवळ. लसीनंतर दंड दुखतोच, पण त्या रात्री मला कूसही बदलता येईना. पुढे अंबाडा, ब्लाउजचे हूक, फळीवरचे डबे, सगळंच अडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. लस दंडाच्या स्नायूत न जाता वर सांध्याजवळच्या ‘बर्सा’ नावाच्या पिशवीत गेली असावी, म्हणाले. या दुखण्याला ‘सिर्वा’ म्हणतात.

नवरा दुकानावर दावा लावायला निघाला होता. पण 1986 च्या कायद्यानुसार आधी लस-भरपाई योजनेकडे जावं लागतं. तिचा निधी लसींवरच्या करातून उभा राहतो, डोसमागे दर रोगाला 75 सेंट. दावा लागतो केंद्रीय आरोग्यमंत्र्यांवर, वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टात. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. 2017 पासून या योजनेच्या यादीत सिर्वाही आहे. अट अशी की दुखणं 48 तासांत सुरू व्हावं, त्याच खांद्यापुरतं असावं आणि साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त टिकावं. वकिलांची फीसुद्धा निधीतूनच जाते. अशिलाकडून त्यांना एक डॉलरही घेता येत नाही. ही सोय मला फार शहाणपणाची वाटली.

घोडं अडलं कागदांवर. दुकानाच्या नोंदीत हात कोणता ते नव्हतं. डॉक्टरांकडच्या पहिल्या नोंदीत ‘उजवा खांदा दुखतो’ एवढंच. कधीपासून, ते नाही. सरकारी वकिलांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मग ठाण्याच्या बहिणीला त्याच रात्री पाठवलेला मेसेज कामी आला : ‘लस घेतली, उजवा हात वर होत नाहीये गं.’ त्याचं प्रमाणित भाषांतर जोडलं. अखेर तडजोड झाली. पैसे मिळाले, पण लसीमुळे इजा झाली हे सरकारने त्या कागदावरही मान्य केलं नाही!

लस मी अजूनही घेते. फक्त बाही पूर्ण वर गुंडाळते आणि टोचणाऱ्याला समोर बसायला सांगते. तुमचा खांदा असा धरला, तर लसीची तारीख, हात आणि दुखणं सुरू झाल्याचा दिवस डॉक्टरांना पहिल्याच भेटीत लिहायला लावा. दाव्याची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं आहे. कोविडच्या लसीची योजना वेगळी. तिथे लस घेतल्यापासून एकच वर्ष मिळतं.