दादरच्या गल्ल्या

गावाकडून पाहुणा आला की आपण त्याला राणीची बाग दाखवतो, गेट वे ऑफ इंडिया दाखवतो आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाऊ घालतो. रस्ता दाखवायला मात्र कोणी कोणाला नेत नाही. रस्ता ही जीव मुठीत धरून ओलांडायची वस्तू, अशीच मुंबईकराची समजूत! परंतु निव्वळ पाहण्यासाठी हिंडावे असे काही रस्ते या शहरात आहेत, आणि तेही दादर पूर्वेसारख्या गजबजलेल्या ठिकाणी.

खोदादाद सर्कलपासून निघावे. मुंबईची ट्राम १९६४ साली गेली. ट्राम टर्मिनसची 'टी. टी.' ही दोन अक्षरे मात्र दादरला अजून चिकटून आहेत. चौकातला कोलाहल मागे टाकून हिंदू कॉलनीच्या एखाद्या गल्लीत शिरले, की पन्नास पावलांत हवा पालटते. डोक्यावर झाडांची सावली, दोन्ही हातांना जुन्या, बसक्या इमारती, गॅलरीत वाळत घातलेली धुणी. याच वसाहतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेल असे 'राजगृह' बांधले. पुढे माटुंग्याच्या बाजूला गेले की पाच उद्याने लागतात आणि त्यांच्या अवतीभवती पारशी कॉलनी पसरलेली दिसते. पारशांच्या इतर वस्त्यांना बहुधा कुंपणाची भिंत असते. हिला ती नाही. कोणीही यावे, सावलीत घटकाभर टेकावे. येथे झाडेसुद्धा रस्त्यागणिक ठरवून लावली. फिरदौसी रोडवर महोगनी, तर जाम-ए-जमशेद रोडवर अशोक.

ही शोभा आपोआप उगवलेली नाही. तिचे मूळ एका भयंकर साथीत आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि बघता बघता शहरभर पसरला. माणसे गाठोडी बांधून मुंबई सोडू लागली. दाटीवाटीची वस्ती, काळोख्या खोल्या आणि वारा न फिरकणारे बोळ यांच्याकडे सरकारचे लक्ष गेले, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने एकीकडे जुन्या शहराच्या पोटातून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. दुसरीकडे, त्या काळी शहराच्या वेशीबाहेर मानल्या जाणाऱ्या दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांत नव्या उपनगराचा आराखडा १८९९-१९०० च्या सुमारास आखला. एकट्या दादर-माटुंग्यात ६०,००० माणसे राहावीत असा हिशेब होता. आधी रस्ते, बागा आणि शाळांच्या जागा कागदावर आल्या. घरे मागून आली. तळमजल्यावर फार तर दोन मजले चढवावेत आणि दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडावी, असा दंडक होता. ट्रस्टच्याच नोकरीत असलेले इंजिनियर मंचेरजी एडलजी जोशी (आडनावावर जाऊ नका, गृहस्थ पारशी!) यांनी खटपट करून कनिष्ठ मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड मिळवले. पाचही उद्यानांना आज त्यांचेच नाव आहे.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रस्टने गरिबांची जितकी बिऱ्हाडे पाडली, तितकी बांधून दिली नाहीत, अशी टीका त्या काळीच झाली होती. मोडलेल्या चाळीतल्या हमालाला दादरचा भूखंड थोडाच परवडणार होता? सावली आली, पण ती ज्याला हप्ते भरता आले त्याच्या वाट्याला. योजना आखताना कोण विचारात घेतला जातो आणि कोण राहून जातो, हा प्रश्न तेव्हापासून चालत आलेला आहे.

आज तो पुन्हा आपल्या दारात उभा आहे. २०२३ सालापासून मुंबई महापालिकेने रस्ते काँक्रीटचे करण्याचे मोठे काम हाती घेतले. काँक्रीटला नावे ठेवण्याचे कारण नाही. दर पावसाळ्यात डांबर उखडून पडणारे खड्डे, त्यात आपटणारी स्कूटर आणि दुखणारी कंबर यांचा अनुभव कोणाला नाही? पण गल्ली म्हणजे हमरस्ता नव्हे. ते साऱ्या बिऱ्हाडांचे मिळून एक अंगण आहे, आणि अंगण नव्याने करताना घरच्यांना चार गोष्टी विचारायच्या असतात.

पहिली गोष्ट झाडाची. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. चर खणताना एका बाजूची मुळे तुटली, की पुढच्या पावसाळ्यातल्या वाऱ्याला ते झाड उभे राहत नाही. आणि बुंध्याला सिमेंटचा गळफास बसला, तर उभ्या-उभ्या सुकते. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतालचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. दिल्लीच्या झाडाला जी तहान लागते, तीच दादरच्या झाडालाही लागते. दुसरी गोष्ट पाण्याची. नवा रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला, तर पाऊस तळमजल्यात बिऱ्हाड करतो. तिसरी जमिनीखालच्या नळांची व तारांची. त्यांची सोय आधी केली नाही, तर कालचा गुळगुळीत रस्ता उद्या पुन्हा फोडावा लागतो. चौथी गोष्ट पायांची. आजोबांची काठी आणि मुलांची शाळेची वाट यांना फुटपाथ हवा, आणि तो मोटारींनी अडवलेला नको.

हे प्रश्न खोदकाम सुरू झाल्यावर विचारून उपयोग नसतो. तोवर चर खणलेला आणि मुळे तुटलेली असतात. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवर आपण दोन-दोन तास वाद घालतो. त्यातला अर्धा तास गल्लीच्या नकाशाला द्यावा. तो वॉर्ड ऑफिसातून मागून घ्यावा, आणि इंजिनियरसाहेबांना सोबत घेऊन, भाजीवाल्याला, वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या आजींनाही बोलावून, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा चालावे. एकेक झाड मोजून नकाशावर उतरवावे आणि मगच पहिली कुदळ पडू द्यावी.