सगळ्या घराचा एकच एसी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गेले दोन महिने आमच्याकडे एसी सोडून दुसरा विषय नाही. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगून झालं, तरी जो तो "मग शेवटी काय ठरलं?" विचारतोच. म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं, म्हणजे माझीही सुटका.

तर प्रश्न असा की आमच्या नागपूरच्या घराला सेंट्रल एसी बसवायचा का, आणि बसवायचा तर कसला.

घर १९७४ सालचं. खाली पाच खोल्या, वर चार. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई. वर धाकटे भाऊजी, जाऊबाई, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची लेक. स्वयंपाकघरं दोन, विजेची मीटरं दोन, देवघर एक. इतकी वर्षं पाच कूलर आणि वरच्या मजल्यावरचे दोन एसी एवढ्यावर उन्हाळे काढले. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. त्या दिवशी नळाच्या पाण्यानं हात धुतला तरी चटका बसत होता.

पण सवय होती हो. कूलरच्या टाकीत पाईप सोडायचा, वाळ्याचे पडदे भिजवायचे, अकरा वाजता खिडक्या लावून घ्यायच्या, संध्याकाळी सगळं उघडायचं. सवय मोडली ती मे २०२४ मध्ये.

नवतपा सुरू होऊन तीन-चार दिवस झाले होते. सासूबाई तेव्हा ९३ वर्षांच्या. त्यांची खोली पश्चिमेची, सासऱ्यांनी हौसेनं दोन मोठ्या खिडक्या ठेवलेली. कूलरची घरघर त्यांना नको असते, हाडं दुखतात म्हणतात. विचारलं की एकच उत्तर, "मला नाही गरम होत बाप्पा." आणि खरंच होत नव्हतं! अंगावर पातळ चादर, कपाळावर घामाचा थेंब नाही. चार वाजता चहा घेऊन गेले तर मला माझ्या गेलेल्या नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या. हात लावला तर अंग तव्यासारखं. पुढचे चार दिवस दवाखान्यात गेले. परत आल्या, आज ठीक आहेत, पण त्या चार दिवसांत घरातला प्रत्येक जण मनातून हलला. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं, की या वयात घाम कमी येतो, तहान कमी लागते आणि आपल्याला उकडतंय हे कळणंही मंदावतं. म्हणजे "मला गरम होत नाही" हा दिलासा नव्हे, ते लक्षणच होतं.

ही बातमी ह्यूस्टनला गेली आणि आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, पैसे मी देतो. सगळ्या घराला सेंट्रल करून टाका, प्रश्न मिटला."

मुलाचं घर मी पाहिलेलं आहे. दोन उन्हाळे राहून आले तिथे. बाहेर चिकट उकाडा, आत कुठल्याही खोलीत जा, न्हाणीघरात जा, तोच एक गारवा. भिंतीवर वीतभर डबी, तिच्यावर एक आकडा, आणि तो आकडा म्हणजे घराचा कायदा. सुनेला ७२ हवा, मुलाला ७० (तिथे फॅरनहाइट चालतं), आणि मी आपली भर जुलैत स्वेटर घालून. पण सोय आहे यात शंका नाही. आवाज नाही, पाणी भरणं नाही, दर काही दिवसांनी जाळी बदलली की झालं.

मात्र तिथे आणि इथे फरक काय, हे मला एका इंजिनियर मुलामुळे नीट समजलं. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची, वर उतरतं छप्पर, आणि छप्पर व छत यांच्यामध्ये पोकळ माळा. थंड हवा वाहून नेणाऱ्या जाड नळ्या, म्हणजे डक्ट, त्या माळ्यातून निवांत फिरतात. आमच्याकडे छत म्हणजेच स्लॅब, तिच्यावर थेट गच्ची आणि गच्चीवर थेट सूर्य. डक्ट न्यायची तर खोलीच्या आतूनच, बीमच्या खालून, आणि ती झाकायला फॉल्स सीलिंग. दहा फुटांची खोली साडेआठ फुटांवर येणार. सासऱ्यांनी १९७४ साली उंच छत ठेवलं ते उन्हाळ्यासाठीच. पंख्याखाली मोकळी हवा राहावी म्हणून ठेवलेली उंची एसीसाठी बुजवायची, हे माझ्या मनाला काही पटेना.

त्याआधी एक विक्रेते येऊन गेले होते. त्यांनी पायांनी चालत घर मोजलं, मोबाइलवर गुणाकार केला आणि "वीस टन" म्हणून सांगितलं. किंमत ऐकून ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी विचारलं, वीस टनच का? तर म्हणाले, "मॅडम, स्क्वेअर फुटावरून येतं ते." पश्चिमेची खोली आणि उत्तरेची खोली त्यांच्या हिशोबात सारखीच. वरच्या मजल्याच्या डोक्यावर गच्ची तापते आणि खालच्या मजल्याच्या डोक्यावर वरचा मजला आहे, हेही सारखंच. अहो, चाळीस मुलांच्या वर्गाला एकाच मापाचे गणवेश शिवण्यातला प्रकार!

आता हा 'टन' शब्द. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, गणिताशी माझं सख्य नाही, पण हे प्रकरण इतिहासाचंच निघालं. एसीचा टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी थंडावण्याची ताकद. टन अमेरिकी, २,००० पौंडांचा. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू लागतात. पुतण्याच्या लेकीनं वहीवर करून दाखवलं : २,००० गुणिले १४४, भागिले २४, उत्तर बरोबर १२,०००. म्हणूनच माहितीपत्रकावर एक टनापुढे १२,००० बीटीयू छापलेलं असतं. यंत्रं येण्यापूर्वी बर्फ हाच थंडावा होता. १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. वीस टनांचा आकडा ऐकल्यापासून मला आमच्या अंगणात रोज वीस टन बर्फ उतरवणारे हमाल दिसायला लागले.

दुसरा आला तो हा इंजिनियर मुलगा. तो दोन दिवस येत होता. प्रत्येक खोलीच्या खिडक्या, त्यांची दिशा, भिंतींची जाडी, खोलीत किती माणसं किती वाजता असतात, हे सगळं त्यानं लिहून घेतलं. दुपारी तीनला आणि रात्री दहाला स्लॅबला खालून हात लावून पाहायला सांगितलं. रात्री दहाला जास्त गरम! दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन काँक्रीट रात्री खोलीत सोडतं. तो म्हणाला, "काकू, आधी गच्चीचं करा. उन्हाला परतवणारा पांढरा लेप द्या, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जे किंवा चिका लावा. मग मी पुन्हा मोजतो." माल विकायला आलेला माणूस आधी कमी माल लागेल अशी सोय करायला सांगतो, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. जरूरीपेक्षा मोठं यंत्र बसवलं तर ते हवा झटकन गार करून थांबतं, हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण दमट राहते, हेही त्याच्याकडूनच कळलं.

त्यानं सुचवलं ते व्हीआरएफ. ही पद्धत जपानात १९८२ साली डायकिन कंपनीनं व्हीआरव्ही या नावानं आणली. बाहेर एक मोठं यंत्र, तिथून तांब्याच्या बारीक नळ्या प्रत्येक खोलीत, आणि प्रत्येक खोलीत आपापलं यंत्र व आपापला रिमोट. डक्ट नाही, छत खाली आणणं नाही. ज्या खोलीत माणूस नाही तिथे बंद. त्याच्या हिशोबात आतल्या यंत्रांची बेरीज साडेबारा टन आली आणि बाहेरचं यंत्र मात्र दहा टनांच्या आत. भाऊजींना वाटलं काही तरी गफलत आहे. तर तो म्हणे, दुपारी बैठक चालू असते तेव्हा झोपायच्या खोल्या रिकाम्या, आणि रात्री उलट. सगळ्या खोल्या एकाच वेळी पूर्ण जोरात कधीच नसतात.

इथपर्यंत सगळे खूश होते. मग जाऊबाईंनी शांतपणे विचारलं, "बाहेरचं मशीन कोणाच्या मीटरवर?"

बैठकीत एकदम शांतता.

प्रश्न साधा नाही. घरगुती विजेचा दर युनिटं वाढतील तसा चढत जातो. दोन मजल्यांचा सगळा थंडावा एकाच मीटरवर आला तर ते मीटर सरळ वरच्या दरात जाणार, आणि मग महिन्याच्या महिन्याला कोणाच्या खोलीचा एसी किती वाजेपर्यंत चालला याचा हिशोब मांडणं आलं. मुलगा म्हणतो बिलही मी भरीन. पण दोन-तीन वर्षांनी तीन आठवडे येणाऱ्या मुलानं आपल्या काकांचं विजेचं बिल भरावं, हे भाऊजींना कसं रुचेल? ते काही बोलले नाहीत, पानाचा डबा उघडून बसले. आमच्या घरात पन्नास वर्षं टिकलेला एक अलिखित नियम आहे : देवघर आणि सणवार एकत्र, चूल आणि मीटर वेगळं. त्याच्यावर हे घर उभं आहे. एका यंत्रापायी त्याला हात लावायची माझी तयारी नव्हती आणि तसं मी फोनवर मुलाला स्पष्ट सांगितलं. तो जरा नाराज झाला. होऊ दे.

आणखी एक गोष्ट म्हणजे दारं. सेंट्रल एसीला बंद घर लागतं. आमचं पुढचं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री दहालाच लागतं. दूधवाला, मोलकरीण, शेजारच्या वहिनी, शिकवणीची मुलं. हे दार मे महिन्यातले दोन तास सोडले तर कधी लोटलेलं नसतं. म्हणून बैठकीत मी कूलरच ठेवायला सांगितला. कूलरचं उलट असतं, त्याला हवा जायला वाट लागते, खिडकी उघडीच हवी. आणि आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात तो ४५ अंशांची हवा सहज २८-३० पर्यंत उतरवतो, तेही पंख्याच्या आणि पाण्याच्या पंपाच्या विजेवर. जुलैत मात्र तो निरुपयोगी. हवेत आधीच ओल, पाणी उडून जाणार कुठे? तिथे एसीच पाहिजे. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली पहिली आधुनिक वातानुकूलन योजना आखली ती मुळी माणसांसाठी नव्हतीच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून हवेतला ओलावा काढायचा होता.

राहिल्या सासूबाई. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांचं मत कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. "माझ्या खोलीत मशीन लावा, पण वारा अंगावर नको, आणि दार बंद नको. दार बंद केलं की कोण आलं-गेलं कळत नाही." मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो हसला, पण इंजिनियर मुलगा हसला नाही. त्यानं यंत्राची जागा पलंगाच्या डोक्यावरून काढून पायाकडच्या आडव्या भिंतीवर नेली आणि दाराला पारदर्शक पट्ट्यांचा पडदा सुचवला, दुकानात असतो तसा. दिसायला सुरेख नाही, पण आजींना पलंगावरून ओसरी दिसेल.

तर मंडळी, ठरलं ते असं. सेंट्रल नाही. वरच्या मजल्याला छोटं व्हीआरएफ, त्यांच्या मीटरवर. खाली आमच्या झोपायच्या खोलीत एक साधा इन्व्हर्टर एसी, आणि सासूबाईंच्या खोलीत दुसरा, पूर्ण स्वतंत्र. हा मुद्दा मी सोडला नाही. एकच मोठं यंत्र ऐन नवतप्यात बंद पडलं तर सगळं घर एकदम तापणार, आणि दुरुस्तीवाला त्या दिवसांत आठवडाभर मिळत नाही. आम्ही गच्चीवर झोपू, त्या कुठे झोपतील? त्यांच्या खोलीत २७ अंश आणि मंद पंखा, एवढं पुरे असं डॉक्टरही म्हणाले. २०२० च्या १ जानेवारीपासून स्टार लेबलचे खोलीचे एसी सुरू केले की आपोआप २४ वर सुरू होतील असा नियम आहे. पण २४ सुद्धा त्यांना कडाक्याची थंडी. म्हणून भिंतीवर एक साधं तापमापक टांगलं आहे, आणि उन्हाळ्यात दर दोन तासांनी कोणी तरी त्याच्यावरचा आकडा पाहायचा. त्यांना विचारायचं नाही, आकडा पाहायचा.

मुलाच्या पैशातून गच्चीचा लेप आणि पश्चिमेचे छज्जे होणार आहेत. हे दोन्ही घराचे, कोणाच्याच मीटरचे नाहीत, त्यामुळे भाऊजींनीही मान हलवली.

काम दिवाळीनंतर. मे महिन्यात ज्यांना यायचं आहे त्यांनी खुशाल यावं, वरच्या पाहुण्यांच्या खोलीत गारवा असेल. फक्त गच्चीवर जाताना चपला जिन्यात काढा. लेप पांढराशुभ्र आहे आणि पुतण्यानं आत्तापासूनच सगळ्यांना दम दिलेला आहे.